आटलेल्या झऱ्याची वाट

नेपाळातल्या धरण शहराच्या एका संस्थेत बिपना राईचं काम एकच होतं. हौशी माणसांनी घरबसल्या संगणकावर काढून दिलेले नकाशे कितपत खरे आहेत, ते पाहायचं. तेऱ्हथुमकडच्या एका डोंगरगावाचा नकाशा कुणीतरी इतका मन लावून काढला होता, की झरा, पाऊलवाटा, बसायचे दगडसुद्धा त्यात होते. उपग्रहाच्या चित्रात मात्र तिथे नुसतं रान. खोटंच असणार, असं धरून ती जीपनं निघाली.

गावात बहुतेक घरांना कुलपं होती. एका ओसरीवर फूलमाया लिंबू नावाची म्हातारी एकटीच मका सोलत बसली होती.

"आमा, झऱ्याकडे वाट कुठून जाते?"

"कसला झरा, पोरी? भूकंपात आटला तो. वाट टिकायला चालणारं माणूस नको? गिळली रानानं."

बिपनानं फोनवर नकाशातली नावं वाचून दाखवली. 'कालीची बैठक' म्हणताच म्हातारीचे हात थांबले.

"हे तुला कुणी सांगितलं? काली आमची म्हैस. त्या दगडापाशी बसली की उठायचं नाव नाही. नाव सुहांगनं ठेवलेलं, माझ्या लेकानं. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही ते."

सुहांग मिसरूड फुटलं तेव्हाच कतारला गेला होता.

"म्हणजे तिकडे बसून तो हे काढतो?"

"तसंच दिसतंय, आमा."

"दगड आठवतो मेल्याला! आणि आईला फोन करायचा तर बोटं झडतात!" ती हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही. "आमचं घर काढलंय का गं?"

घर होतं. अंगणातल्या संत्र्याच्या झाडासकट. बिपनानं मान वर करून पाहिलं. अंगण मोकळं होतं.

"वाळलं ते. जळणाला तोडलं मी," म्हातारी हळूच म्हणाली. "त्याला नको कळवूस."

धरणला परतल्यावर बिपनानं झरा पुसला, वाट पुसली. झाड तेवढं राहू दिलं. आजवर जाणूनबुजून तिनं एकही चूक सोडली नव्हती. मग तिनं सुहांगला लिहिलं, 'तुमचा नकाशा अचूक होता, पण जुना. आमा एकट्या आहेत. फोन करा.'

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, 'दुरुस्तीबद्दल आभारी आहे.'

बस, एवढंच. त्यानंतर त्या गावात त्यानं एक रेघही ओढली नाही. बिपना मात्र अधूनमधून ते गाव उघडते, कुणी काही काढलंय का पाहते आणि बंद करते.