गारगोटीला पाणी कळत नाही

मी गारगोटी बोलतेय. रत्न नाही, मणी नाही, साधी गारगोटी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ यावरूनच झाला.

बहात्तरच्या दुष्काळात सास्तूरजवळ खडी फोडायचं काम निघालं. हरणाबाईच्या हातोडीखाली एक काळा दगड फुटला आणि त्याच्या पोटातून मी बाहेर आले. जराशी चकाकते, एवढाच माझा गुन्हा.

हरणाबाईला दुपारच्या सुट्टीत स्वस्थ बसवत नसे. तिनं खेळ काढला. सोबत खडी फोडणाऱ्या बायकांतली रुद्रम्मा झाली सेनापती, तारामती चेटकीण, आणि प्रत्येक खड्यात एक जादू. तांबडा खडा आग लावतो, हिरवट खडा शत्रूला झोपवतो. जादू वापरणारीनं आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी दुसरीला द्यायचं, त्यामुळं जादू फार जपून व्हायची. मी पाण्याचा खडा. पाणी जवळ आलं की हा तापतो, असं हरणाबाईनं ठरवलं. भर उन्हात बसून ठरवलं. उन्हात कुठला दगड तापत नाही, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

शेजारच्या रांगेत कोंडिबा खडी फोडायचा. तो गावचा पाणाड्या, तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणारा. त्या साली त्याचे नारळ एकामागून एक खोटे पडले होते. त्यानं मलाच उचललं.

"कोंडिबामामा, खेळातलं हाय ते," हरणाबाई म्हणाली.

"तुला काय ठावं? बाईमाणसाच्या तोंडून देव असाच बोलतो."

गावाच्या सोसायटीला सामाईक विहीर पाडायची होती. कोंडिबा मला तळहातावर घेऊन रानोमाळ फिरला, मागं अख्खं गाव. सावलीत मी गार, उन्हात कढत. आणि सगळ्यांत उघडं रान कुणाचं? हरणाबाईचं. तिथं औषधालाही झाड नव्हतं. त्याचा हात भाजला आणि तो म्हणाला, "हितंच."

तिची जमिनीची तेवढीच पट्टी होती. विहीर खणून मुरूम पडला की संपली. म्या रचलंय ते, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. लोक माना डोलवत होते आणि पहारी आणायला माणसं पाठवत होते. माझा नुसता संताप होत होता.

शेवटी ती म्हणाली, "म्या अर्धंच सांगितलं व्हतं. खडा तापला तर पाणी पळतं. गार ऱ्हाईल तिथं थांबतं."

"व्हय, असंच हाय ते," रुद्रम्मानं सेनापतीच्या आवाजात सांगितलं. कोंडिबाला ते लगेच पटलं.

मग माझी वरात चेअरमन आण्णासाहेबांच्या चिंचेखाली गेली. आण्णासाहेबांचा चेहरा पडला, पण चेअरमन नाही कसं म्हणणार? तिथं पाणी लागलं. लागणारच. एवढ्या दुष्काळात ती चिंच हिरवीगार होती, ती काय माझ्या भरवशावर? पण चिंचेला कुणी विचारलं नाही. मला मात्र विहिरीच्या कठड्यात सिमेंटनं बसवलं आणि शेंदूर फासला.

आता पुष्कळ वर्षं झाली. येणारे-जाणारे पाया पडतात, ते मी सोसते. पण रोज सकाळी हरणाबाई येते, घागर खाली ठेवते आणि डोळे मिटून मला हात जोडते. खड्यांचा खेळ तर तिनं कधीच बंद केला, पाप लागतं म्हणे.

परवा तारामती तिला म्हणाली, "अगं, तूच रचलं व्हतंस की."

"व्हय गं. पण पाणी लागलंच न्हवं?"

हरणाबाई, निदान तू तरी असं करू नकोस. ते हात खाली घे. तुझं रान तू वाचवलंस, बाई. मी नुसती उन्हातून सावलीत गेले.