रंगकारखान्याच्या पाण्यातले मासे

मी एक जुनी काचेची टाकी आहे. एका कारागिराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच दिवशी जोडले, तेव्हा मला वाटले होते की आता एखाद्या दिवाणखान्यात मिरवायचे. पण आम्हांला नेले ते प्रदूषण नियंत्रण कार्यालयाच्या प्रयोगशाळेत. तिथे पडदे नव्हते, गालिचे नव्हते. होता तो उग्र औषधांचा वास आणि सतत गळणारा एक नळ.

तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. कारखान्यांमधून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे नमुने घेऊन येणारे अधिकारी म्हणजे नाकवाले साहेब. गाडीच्या काचा बंद असल्या तरी त्यांना कुठे काय सोडले आहे ते वासावरून कळे, म्हणून हे नाव!

मित्रांनो, आमचे काम सांगायला सोपे होते. माझ्यात कारखान्याचे पाणी ओतायचे, बहिणीत स्वच्छ पाणी. दोघींत सारखेच मासे सोडायचे आणि चार दिवस पाहायचे. माझ्यातले मासे जगले तर पाणी नदीत जाण्याजोगे. मेले तर कारखान्याला जाब द्यावा लागे. मेलेला मासा जाळीने काढताना ताईंचा चेहरा उतरे. मलाही ते कधी अंगवळणी पडले नाही.

एकदा साहेबांनी रंगकारखान्याचे पाणी आणले. नदी कधी जांभळी, कधी हिरवी दिसू लागली होती. ताईंचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कामाला होता. पाणी माझ्यात ओतले आणि दुसऱ्याच दिवशी मासे उलटे तरंगू लागले.

भाऊ धावतपळत आला. "ताई, कारखान्याला टाळं लागलं तर आम्ही सगळ्यांनी जायचं कुठं? मासेच आजारी होते म्हण ना!"

ताईंनी माझ्या बहिणीकडे बोट दाखवले. "ते बघ. एकाच पिशवीतून आलेत. कसे बागडतायत!"

"म्हणजे तुला माझ्यापेक्षा मासे जवळचे?"

"अरे, खाली त्याच नदीचं पाणी लोक पितात. तुझी भाचरंही पितात."

भाऊ तडक निघून गेला. ताईंनी खरे तेच कळवले आणि कारखाना बंद झाला. त्यानंतर भावाने घरी येणे सोडले. दुपारी ताई डबा उघडत आणि दोन घास खाऊन तसाच बंद करून ठेवत.

मग कारखान्याच्या मालकीणबाई तणतणत आल्या. नाकवाले साहेबांनी त्यांना पुरते बोलू दिले आणि मग म्हणाले, "बाई, कुलूप लावायची हौस नाही आम्हाला. घाण पाणी शुद्ध करणारी तुमची यंत्रं अर्धी बंद पडलीयत. ती दुरुस्त करा, मग मी स्वतः येऊन पाणी घेतो. मासे जगले की कुलूप काढतो."

दुरुस्ती सुरू झाली. भावाने हट्टाने स्वतःला त्याच कामावर लावून घेतले. त्याने गाळाने भरलेल्या टाक्या उपसल्या, गंजलेले पंप खोलले. काम संपल्यावर पुन्हा पाणी आले. या वेळी ताईंनी ते सावकाश, एकही थेंब न सांडता माझ्यात ओतले.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ दारात उभा होता. बऱ्याच दिवसांनी बहीणभाऊ समोरासमोर येत होते. तो माझ्याजवळ वाकला आणि एकदम ओरडला, "ताई, हा कोपऱ्यातला हलत नाहीये गं!"

"झोपलाय. आळशी आहे तो पहिल्यापासून."

भावाची सावली पडताच मासा सुळकन पळाला. दोघेही हसले आणि हसता हसता ताईंनी डोळे पुसले. त्या दुपारी डब्यातली भाजी भावानेच संपवली.

पुढे माझे खूप कौतुक झाले. शाळांची मुले मला पाहायला येत. नंतर कारखान्यांच्या नळांवरच नवी यंत्रे बसली. त्यांचे आकडे थेट कार्यालयाच्या पडद्यावर उमटू लागले आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथे एक कपाट हलवताना माझी बहीण फुटली आणि माझा कोपरा तडकला. माझ्यात कोणी रद्दी भरली, कोणी तुटक्या छत्र्या. मी पार अडगळ झाले.

एक दिवस भाऊ आला आणि मला मागून घेऊन गेला. आता तो रंगकारखान्याच्या पाणी शुद्धीकरणाचा प्रमुख होता. त्याने माझा कोपरा लुकण लावून सांधला आणि नदीकडे जाणाऱ्या नळाशी मला बसवले. शुद्ध केलेले पाणी आता आधी माझ्यातून वाहते, मग नदीत जाते. माझ्यात मासे राहतात. त्यांना पिल्लेही झाली आहेत!

परवा एक नवा पर्यवेक्षक घाईत म्हणाला, "पंप नीट चालत नाहीये. आजच्या दिवस सोडून दे पाणी तसंच. कोण बघतंय?"

भावाने माझ्याकडे मान वळवली. "हे बघतायत की!"

पर्यवेक्षक ओशाळला. पंप दुरुस्त होईपर्यंत नळ बंदच राहिला.

मित्रांनो, तुमच्याजवळून नदी वाहत असेल तर कधीतरी तिच्यात डोकावून पाहा. मासे दिसले तर समजा, कोणीतरी आपले काम मन लावून करत आहे. नाही दिसले तर गप्प बसू नका, मोठ्यांना विचारत राहा. आणि इकडे आलात तर मला जरूर भेटा. फक्त काचेवर टकटक करू नका. आतली मंडळी कामावर आहेत.