मामांचं उलटं नाणं

उलटी अक्षरं... आणि भिंग जरा तिरकं धरलं की त्यांच्याखाली दबलेली सुलटी अक्षरं. टांकसाळीतच चूक झाली असती तर ही सुलटी उरली नसती. म्हणजे दोन नाणी तोंडाला तोंड लावून कुणीतरी दाबलेली — कुणीतरी! स्वतःशी बोलतानाही ‘कुणीतरी’!

एरवी नाणी पारखायला बसला की तो गिऱ्हाइकाला नीट टेकूही देत नसे. “टांकसाळीची चूक नाही, मागाहून झालेली इजा आहे,” की नाणं परत. पण आज समोर मामा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला आल्यासारखे.

सोळाव्या वर्षी, वडिलांच्या कारखान्यातले सगळे जेवायला गेलेले असताना, त्याने दोन नाणी पुठ्ठ्याच्या घडीत घालून लोखंडी शिकंज्यात धरली होती आणि दांडा अंगातला सगळा जोर लावून पिळला होता. पैशासाठी नव्हे. त्या आठवड्यात मामांनी धाकट्या भावाच्या नजरेचं कौतुक केलं होतं, एवढंच... एवढंच! ‘सापडलं’ म्हणून त्याने दिलेलं ते नाणं घेऊन मामा मोठ्या तोऱ्यात नाणेसंग्राहकांच्या मंडळात गेले. तिथे सगळे हसले. “माझ्या भाच्याला सापडलंय, तो खोटं बोलायचा नाही,” असं म्हणून मामा उठले ते पुन्हा त्या मंडळाची पायरी चढलेच नाहीत. चाळीस वर्षं! आणि हा मात्र त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला, खऱ्याखोट्यावर व्याख्यानं देत फिरला. लाज कशी वाटली नाही? वाटत होती की... पण सवयीची झाली होती.

“आता तूच लिहून दे बाबा, टांकसाळीचीच चूक आहे म्हणून,” मामा म्हणाले. “तुझ्या शब्दाला वजन आहे. त्या हसणाऱ्यांतला एकच उरलाय. त्याला दाखवून येतो, म्हणजे सुटलो.”

“मामा, तेव्हा मी...”

“लहान होतास. तरी काय नजर होती तुझी!”

तो पुन्हा भिंगावर वाकला. वाकला, आणि खरोखरच शोधू लागला — अक्षरं दबलेली नसतीलच कदाचित, आपण दाबलं ते नाणं वेगळंच असेल, आठवणीचा काय भरवसा... स्वतःच्या हातांनी केलेलं स्वतःच्याच डोळ्यांकडून नाकारून घेण्याची ही धडपड! नाणं पालथं केलं. पुठ्ठा सरकला होता तिथे शिकंज्याचे तीन ओरखडे जागच्या जागी होते.

मामांनी आपल्याच खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून त्याच्यापुढे धरलं.

“दिसतंय ना रे?”

“दिसतंय,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. मामांचा चेहरा उजळला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.