बोट खरं

सोनमनं माझ्या दंडाला तो बिल्ला चिकटवला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

सोनम म्हणजे माझी सून. मुलगा जयराज फौजेत, सध्या जोधपूरला. ती साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे आणि तिथंच खोली घेऊन राहते. मी आणि माझी बायको रंगुबाई रहिमतपूरजवळ मळ्यात. सासरा आणि सून यांच्यात एवढं अंतर असलं की घरात शांतता नांदते. ती शांतता या बिल्ल्यानं घालवली. रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला. गाईम्हशींच्या कानाला सरकार बिल्ला मारतं, तसाच प्रकार.

डॉक्टरीणबाई त्याला सेन्सर म्हणतात. कातडीखाली केसासारखी बारीक तार जाते आणि साखरेचा आकडा दर थोड्या वेळानं मोबाइलवर येतो. माझ्या मोबाइलवर. आणि सोनमच्याही, हे मला मागाहून कळलं. मी फौजेत सिग्नलला हवालदार होतो. (गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मलाही म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही.) एकच संदेश दोन ठिकाणी पोचत असेल तर त्यातलं एक ठिकाण शत्रूचं असतं, एवढं मला चांगलं कळतं.

लावायचं कारण मात्र खरं होतं, ते नाकारून चालणार नाही. दिवाळीनंतर मी बांधावर कोसळलो. सकाळी इन्सुलिन घेऊन ऊस बघायला गेलो, साखर उतरली आणि मला पत्ताच नाही. हातपाय कापले नाहीत, काही नाही, एकदम अंधार. शेजारच्या धनाजीनं पाहिलं म्हणून वाचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर उतरली की शरीर सूचना देतं. तुमच्या शरीरानं ती द्यायचं बंद केलंय. पुढच्या वेळी कोणी पाहिलं नाही, तर तुम्ही उठणार नाही." आणि वर म्हणाल्या, साखर उतरली की काही माणसं चिडतात, संशय घेतात, त्यावरूनही ओळखता येतं. रंगुबाई म्हणाली, "मग यांचं कसं वळखायचं?" दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आमचं गुऱ्हाळ आहे आणि हंगाम तोंडावर आला होता. सोनम म्हणाली, "मामा, ह्ये लावून घेणार आसाल तर गुऱ्हाळावर जावा. न्हाईतर न्हाई." सून सासऱ्याला अट घालते! मी दंड पुढे केला, पण मनात म्हटलं, बघून घेतो.

मग फोन सुरू झाले. केळं खाल्लं की फोन. पोहे जरा जास्त झाले की फोन. "मामा, बाण वर चाललाय, काय खाल्लं?" आकड्यापेक्षा बाण बघायचा, हे तिनं माझ्या डोक्यात भरवलं होतं. शंभर आकडा चांगला, पण बाण सरळ खाली असेल तर तो शंभर काही खरा नाही. मला वेगळीच शंका होती. याला नुसती साखरच कळते, की बोलणंही ऐकू जातं? खात्री करून घ्यावी म्हणून मी दंडाजवळ तोंड नेऊन स्पष्ट म्हणालो, "सोनमच्या हातचं कालवण पाणचट असतं." संध्याकाळी तिचा फोन आला आणि तिनं कालवणाचं नावही काढलं नाही. त्यामुळे माझा संशय आणखीच पक्का झाला.

एकदा मोबाइल घरात ठेवून बारशाला गेलो आणि निवांत बुंदी खाल्ली. फोन जवळ नाही म्हणजे बातमी फुटणार नाही, असा माझा हिशेब. घरी येऊन मोबाइलजवळ बसलो मात्र, मधल्या सगळ्या वेळाची रेघ त्यानं एका दमात काढून टाकली. बिल्ला ते सगळं पोटात साठवून ठेवतो म्हणे. रेघेला बुंदीएवढाच डोंगर आला होता.

पण एक दिवस तो माझ्या तावडीत सापडला. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडलो होतो. मोबाइल कोकलायला लागला, साठच्या खाली. सोनमनं रंगुबाईला फोन केला, रंगुबाईनं मी झोपेत असतानाच माझ्या तोंडात साखर कोंबली, धनाजी धावत आला. मी म्हटलं, थांबा, आधी बोट टोचू. जुनं टोचायचं यंत्र काढलं, पट्टीवर रक्त घेतलं. एकशे सेहेचाळीस! मी धडधाकट, आणि बिल्ला मला मारायला निघाला होता.

सोनमला मी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "दंड अंगाखाली दाबला की त्ये खोटं कमी दाखवतंय, मामा. म्हणून त्या कुशीवर निजायचं न्हाई. आन आकड्याचा भरवसा वाटंना की बोट टोचायचं. बोट खरं."

बोट खरं. हा हुकूम मी मनात नीट नोंदवून ठेवला. तिच्याच तोंडचा होता, म्हणजे वेळेला तिच्यावरच उलटवता येणार होता.

ती वेळ गुऱ्हाळ ऐन भरात असताना आली. सकाळी इन्सुलिन घेऊन न्याहारी केली आणि चरकाला ऊस लावायला उभा राहिलो, कारण गडी कमी होते. रंगुबाई कोरेगावच्या बाजाराला गेली होती, ती दुपारचं जेवण घेऊन येणार होती आणि तिला उशीर होत होता. रस आटवायची काहील मात्र थांबत नाही. पाक जमत आला होता. आमचा गुळव्या गुंडा, म्हणजे पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस, बादलीतल्या पाण्यात पाकाचे थेंब सोडून गोळी वळून बघत होता. मीही दोन-तीनदा वळून पाहिली. पण बोट चाटलं नाही. चाटलं असतं तर साताऱ्यात कळलं असतं.

मोबाइल वाजला. चौसष्ट, बाण सरळ खाली.

मी स्वतःकडे पाहिलं. दोन पायांवर उभा होतो. घाम येत होता, पण काहिलीखालच्या चुलवाणापाशी घाम कोणाला येत नाही? दंडही कशाखाली दाबलेला नव्हता, तरी म्हटलं, एकदा खोटं बोलणारा दुसऱ्यांदाही बोलणार. पिशवीतून यंत्र काढलं, बोट टोचलं.

तीनशे अठरा.

"काय सांगताय!" गुंडा म्हणाला. "आन तुमी तर कायबी खाल्लं न्हाई."

"तेच तर."

"वासानं चढली आसंल, मेजर. सकाळधरनं गुळाच्या वासात हाय तुमी."

मला ते लगेच पटलं. एरवी मला कोणाचं काही इतक्या लगेच पटत नाही. तीनशेच्या वर गेली तर सहा युनिट जादा घ्यायची, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगून ठेवलं होतं. मी इन्सुलिनचं पेन काढलं, सुई बसवली. तेवढ्यात सोनमचा फोन आला. हात चिकट होते, म्हणून स्पीकर लावून मोबाइल पिळलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगावर ठेवला.

"मामा, साखर उतरतीया. कायतरी ग्वाड घ्या आदी. रस हाय ना समोर? अर्धा गिलास रस प्या."

मी थबकलो. जिनं बिल्ला लावल्यापासून माझ्या चहात साखरेचा दाणा पडू दिला नाही, ती रस प्या म्हणत होती! डाव उघड होता. मी रस पिणार, आकडा चढणार, आणि ही तो डॉक्टरीणबाईंना दाखवणार: बघा, सासऱ्याला गुऱ्हाळावर मोकळं सोडता येत नाही.

"बोट टोचलंय मी," मी म्हणालो. "तीनशे अठरा. बोट खरं. कुनाचा शब्द हाय ह्यो?"

ती मग म्हणाली, "हात धुतलं होतं का?"

"मी काय शेणात हात घातलाय?"

"धुवा, मामा. पाया पडती तुमच्या. धुवा आन परत बघा."

मी शेजारच्या बादलीत हात बुचकळले, धोतराला पुसले, दुसरं बोट टोचलं. मोबाइलवरची अक्षरं तोवर पाण्यात पडल्यासारखी हलत होती, पण यंत्राचा आकडा मोठा असतो. दोनशे नव्वद.

"धुतलं. दोनशे नव्वद," मी ओरडलो. विजय झाल्यासारखं वाटलं. "आता बोल की! तुजा बिल्ला खोटा, तू खोटी. मला घरात बशिवायचंय तुला. इन्सुलिन घेतोय मी."

"मामा, न्हाई! पेन खाली ठेवा. माज्याकडं पंचावन्न दिसतंय. आता टोचलंसा तर—" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "बरं. माजं आयकू नका. गुंडादाजी हायत का तितं?"

"हाय की," गुंडा म्हणाला.

"टोचायची सुई बदला आन त्यांचं बोट टोचा. हाय तसंच, धुऊ नका."

मला त्यातही डाव दिसला. पण सिग्नलमध्ये तार बिघडली की आम्हीही हेच करायचो, चांगल्या तारेला यंत्र लावून बघायचं. चांगली तारही बिघडलेली दाखवली तर दोष यंत्राकडे. माझ्या धुरकटलेल्या डोक्यात तेवढंच जागं राहिलं होतं. सुई बदलताना माझी बोटं धड वळत नव्हती, गुंडानंच ती बदलली आणि बोट पुढे केलं. हा गुंडा अंगानं उसाच्या कांड्यासारखा. गेल्या महिन्यात शिबिरात त्याचं रक्त तपासलं होतं, कसला म्हणून रोग नाही.

चारशे सदतीस.

गुंडा मटकन खाली बसला. "आवं मेजर, मी मरतोय का काय आता?"

"किती?" सोनमनं विचारलं. मी आकडा सांगितला.

"दाजींना शुगर हाय?"

"न्हाई."

"मग कुटनं आली?"

मी गुंडाच्या बोटाकडे पाहिलं. माझ्या बोटाकडे पाहिलं. आणि मग बादलीकडे. गुंडा सकाळपासून त्याच बादलीत पाकाचे थेंब सोडत होता. मी गुळाचे हात गुळाच्या पाण्यात धुतले होते. पट्टीनं माझी साखर मोजलीच नव्हती, तिनं गूळ मोजला होता.

"बोट खरं, मामा," सोनम म्हणाली, "पर धुतलेलं बोट."

पाण्याच्या मोटारीच्या पायपाखाली हात धरायला गेलो तर गुडघ्यात वाकलो. गुंडानं काखेत धरून नेलं, हात चोळून धुतले, आपल्या बायकोनं भाकरीबरोबर दिलेल्या कोऱ्या फडक्यानं पुसले, आणि टोचलंही त्यानंच. एक्कावन्न. सहा युनिट भरलेलं पेन चिपाडावर पडलं होतं. ते इन्सुलिन पोटात गेलं असतं तर रंगुबाई जेवण घेऊन आली तेव्हा जेवणाराच नसता.

गुंडानं रसाचा गिलास तोंडाला लावला. मी प्यालो. मग ढिगाला टेकून मोबाइलकडे बघत बसलो. पन्नास. अठ्ठेचाळीस.

"उतरतंयच की गं अजून," मी म्हणालो.

"ते मागं ऱ्हातंय, मामा. रक्तात आदी चढती, सेन्सरला मागनं कळतंय. धा-पंधरा मिन्टं जाऊंद्या. हात तेवढं परत धुवा, आपण बोटावर बघू."

मला ते खरं वाटलं नाही. पण यावेळी माझा संशय खोटा निघावा, असं फार फार वाटत होतं. जन्मात असं कधी वाटलं नव्हतं. मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. मागच्या वेळी भीती वाटायला शुद्धच नव्हती.

तिच्या बाजूला कारखान्याचा भोंगा झाला.

"तुजी कामाची पाळी लागली," मी म्हणालो. "जा तू."

"न्हाई जात. बोलत ऱ्हावा तुमी. गप बसू नका."

"बोलायला कशाला पायजे? तुला तर सगळं दिसतंय बसल्या जागी."

"आकडा दिसतोय, मामा," ती म्हणाली. "तुमी न्हाई दिसत."

मग समोर जे होतं ते एकेक सांगत गेलो. गुंडा काहील उतरवतोय. पाक जरा पुढं गेला, गूळ काळा पडणार. एक कुत्रं आलंय, ते बादलीतलं पाणी पितंय. रंगुबाई बांधावरनं येतीया, डोक्यावर पाटी हाय.

"आन तुमी?"

"मी हाय," मी म्हणालो. "हितंच बसलोय."