मागे हो जरा, मॅलकी

"मासा फार सुरेख आलाय," नोरीन म्हणाली. "आता कार्डावर मासा छापायचा की तुमचे यजमान, तेवढं सांगा."

डिम्पनाबाई काउंटरपलीकडे पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. फोटो त्यांच्या मुलाने मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. हात लांब करून पुढे धरलेला पाईक जातीचा मासा, त्याचा खवला न् खवला दिसावा असा, आणि तो धरणारे डिम्पनाबाईंचे यजमान मागे धुक्यात.

आमच्या गावात माणूस गेलं की महिन्याने देवळात त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते आणि त्या दिवशी त्याचा फोटो असलेली छोटी स्मरणकार्डं वाटतात. लोक ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात, मोटारीत काचेच्या वर खोचतात. माझा छापखाना या कार्डांवरच तगून आहे, आणि कार्डं बनवते नोरीन. गेलेल्या माणसाचा फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला असतो. नोरीन त्यातून माणूस सोडवते, त्याच्या खांद्यावरचा करवलीचा हात पुसते आणि मागे निळं आकाश नाहीतर तळं घालते. हल्ली माणूस सोडवायचं काम संगणकच करतो. चित्रात जे रेखीव ते पुढचं समजून ठेवतो, जे धूसर ते मागचं समजून टाकतो. त्या दिवशी त्याने इमानदारीत मासा ठेवला आणि नवरा टाकला.

डिम्पनाबाई म्हणाल्या, आहे तसाच छापला तरी चालेल, मासा मिळाला त्या दिवशी ते लहान पोरासारखे खूश होते. नोरीनने नकारार्थी मान हलवली. भिंगाने धूसर केलेलं माणूस परत आणता येत नाही, आणि धूसर माणूस मी छापत नाही, असं तिने सांगितलं. इथवर ठीक होतं. पण तिच्या जिभेला हाड नाही.

"एवढा संसार केलात," ती म्हणाली, "आणि नवऱ्याचा एक धड फोटो नाही तुमच्याकडे?"

डिम्पनाबाईंचा चेहरा उतरला. शेवटी लायसन्सवरचा फोटो लावला. त्यात तो भला माणूस कोंबडीचोर दिसत होता. त्या गेल्यावर मी नोरीनला बोललो, तर म्हणाली, खरं तेच बोलले. खरं बोलायची तिला भारी हौस.

नोरीनचा थोरला भाऊ मॅलकी. लग्न न करता घरची जमीन आणि थोड्या गाई सांभाळून राहिलेला. नोरीनचा नवरा कामाला म्हणून इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून तिच्या मुलीला, ओर्लाला, निम्मं मॅलकीनेच वाढवलं. शाळेत सोडायचा, दर रविवारी बटाट्याची पिशवी घेऊन जेवायला यायचा. ओर्लाच्या वाढदिवसाला, देवळातल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला आम्ही सगळे जमलो की नोरीन फोन काढायची आणि पहिलं वाक्य म्हणायची, "मागे हो जरा, मॅलकी, मधे येतोयस." तो निमूट मागे व्हायचा. तिच्या तोंडी भावाचं नाव त्या वाक्याशिवाय मी क्वचितच ऐकलं असेल.

मार्च महिन्यात, गुरांच्या बाजारात, बाकावर बसल्याबसल्या मॅलकी गेला. शेजारच्यांना वाटलं, भाव ऐकतोय. घर माणसांनी भरलं, सँडविचं झाली, चहाच्या किटल्यांवर किटल्या झाल्या. नोरीन सगळ्यांचं हवं-नको बघत होती. रडली नाही.

मिस्सा आठवड्यावर आली तरी मॅलकीचं कार्ड झालेलं नव्हतं. मी विचारलं, तर तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. केक कापणारी ओर्ला. कुत्र्याचं पिल्लू घेतलेली ओर्ला. कम्युनियनच्या पांढऱ्या ओढणीतली ओर्ला. बक्षीस मिळालेल्या वासराशेजारी ओर्ला, आणि ते वासरू मॅलकीने वाढवलेलं. प्रत्येक फोटोत मागे एक तपकिरी डाग होता, तो मॅलकीचा कोट. संगणकाने दर वेळी ओर्लाला अलगद उचललं होतं आणि मॅलकीला भिंतीबरोबर, कुंपणाबरोबर फेकून दिलं होतं.

मी म्हणालो, लायसन्सचा फोटो असेल की.

"माझा भाऊ कोंबडीचोर नव्हता," ती म्हणाली. मग तिला डिम्पनाबाई आठवल्या, तिने मान खाली घातली.

मी म्हणालो, हे तर फोनचे फोटो आहेत. फोनची धूसरता खोटी. तो आधी सगळं रेखीव टिपतो, मग मागचं पुसट करतो, आणि खालचं मूळ चित्र तसंच राहतं. हे मला तिनेच शिकवलं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हात धजत नाही, फिन्टन. ते पुसट मीच केलंय ना, ह्या बोटाने. भिंत कळकट दिसत होती म्हणून."

तरी तिने केलं. पडद्यावरची पुसटपणाची खूण हळूहळू दुसऱ्या टोकाला सरकवली. आधी भिंत वर आली, मग कपड्यांची दोरी, मग मॅलकी. ओले केस चापून बसवलेले, कोटाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, टोपी छातीशी धरलेली. ताठ उभा राहून तो सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. तिने दुसरा फोटो घेतला, त्यातही तसाच. केकच्या फोटोत तर त्याने हनुवटीसुद्धा वर केली होती.

"त्याला वाटायचं, त्याचाही फोटो निघतोय," नोरीन म्हणाली. "मी मागे हो म्हणायचे, तो मागे व्हायचा. आणि घरी येऊन मी त्याला पुसायचे."

तेव्हा ती रडली. त्या सगळ्या केकांचे तुकडे मीही खाल्ले होते, आणि मॅलकीला पुढे ये म्हणायचं मलाही कधी सुचलं नव्हतं. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने आधी डिम्पनाबाईंची कार्डं नव्याने छापली, पुढे पाईक आणि मागे धुक्यातले यजमान, आणि स्वतः घरी नेऊन दिली. मग मॅलकीचं घेतलं. कम्युनियनच्या फोटोत ओर्लाच्या ओढणीआड त्याचं एक कोपर गेलं होतं. ते नोरीनने भरून काढलं नाही. तिने ओर्लालाच धूसर केलं आणि मॅलकी होता तसा ठेवला. मागे आकाश घातलं नाही, कळकट भिंत राहू दिली.

आमच्या देवळात काही पुरुष बाकांवर न बसता सगळ्यात मागे, दाराजवळ उभे राहतात. पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारची जागा मॅलकीची. मिस्सेच्या दिवशी ओर्ला माझ्याबरोबर पुढे घरच्यांच्या बाकावर बसली आणि नोरीन दारात कार्डं वाटत राहिली. डिम्पनाबाई आल्या. त्यांनी कार्ड आधी लांब धरलं, मग जवळ.

"छपाई बिघडली का गं? पुढे हे पांढरं काय?"

"ते राहू द्या, डिम्पनाबाई," नोरीन म्हणाली. "मागे बघा."

घंटा झाली, सगळे उभे राहिले. फादरांनी नोरीनला हाताने पुढे बोलावलं, ती आली नाही. मी वळून पाहिलं. पाण्याच्या भांड्याशेजारी ती ताठ उभी होती आणि तिने कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं होतं.