चाकामागचा दगड

मुलांनो, जरा अशी कल्पना करा: तुम्ही एका जुन्या रशियन जीपमध्ये बसला आहात. काचेवर आतूनसुद्धा बर्फाची नक्षी धरली आहे आणि तुमच्या मांडीवर एक चप्पट, जड, गार दगड आहे. नारीन नावाच्या थंड डोंगराळ मुलखातल्या घाटात त्या सकाळी दहा वर्षांची आकमोर अशीच बसली होती. पण स्वस्थ नव्हे. तिचा एक पाय सारखा हलत होता.

तिची आई खिंडीपलीकडे, मेंढ्यांच्या हिवाळी तळावर होती. बाळ यायला अजून दोन आठवडे होते, पण पहाटेच बाबांचा फोन आला, "हिच्या पोटात दुखायला लागलंय. गाडी पाठवा." दुपारनंतर वादळ येणार होतं. त्याआधी आईला याच रस्त्यानं खाली दवाखान्यात आणायचं होतं.

मांडीवरचा दगड हे आकमोरचं काम होतं. त्या थंडीत हँडब्रेक ओढला तर त्याची तार गोठून बसते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून चढावर थांबलं की कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावायचा. निघताना गाडी वीतभर पुढे गेली की तो उचलायचा आणि मगच आत बसायचं.

"मामा, जरा जोरात घे ना!"

"हेच जोरात आहे," सागिन मामा म्हणाला. बर्फ लागायच्या आधीच त्यानं दांडा ओढून चारही चाकं इंजिनाला जोडून घेतली होती. फसल्यावर ओढून काय उपयोग, असं तो म्हणायचा.

"पण आपली चारही चाकं ओढतात!"

"ओढतात. थांबवताना कुणी मदतीला येत नाही, बाई. बर्फावर चारही चाकं एकदमच घसरतात."

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. शेजारच्या गावच्या जाकिपची नवी चकचकीत जीप बाजूला आली. काच खाली करून तो ओरडला, "काय सागिन, गाडी चालवतोयस की मेंढ्या हाकतोयस?" आणि बर्फ उडवत पुढे गेला.

"बघ! तो पोचेलसुद्धा!" आकमोर रडकुंडीला आली.

तिसऱ्या वळणावर जाकिप दिसला. वळताना त्यानं ब्रेक दाबला होता आणि गाडी न वळता सरळ जाऊन बर्फाच्या ढिगात नाक खुपसून बसली होती.

"थांबू नकोस, मामा. आई..."

"अडकलेली गाडी सोडून इथं कुणी गेलंय का आजवर? उद्या आपण अडकू. उतर, दगड लाव."

आकमोरनं दगड लावला. मग फावडं आलं, राखेची गोणी आली. ती गाड्यांभोवती चकरा मारत राहिली. पश्चिमेचा डोंगर मघाशी स्वच्छ होता, आता त्याचं टोक दिसेना.

"मेंढ्या हाकणाऱ्यांना हाक मारली असतीस, तर काठी घेऊन आलो असतो," खांदा लावता लावता मामा म्हणाला.

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे," जाकिप धापा टाकत म्हणाला.

अखेर गाडी मोकळी झाली. जाकिप निमूटपणे, अगदी हळू पुढे निघाला. मामा स्टिअरिंगमागे येऊन बसला, तेव्हा आकमोर आधीच आत होती.

"दगड घेतलास?" रस्त्यावरची नजर न हलवता त्यानं विचारलं.

"हो. चल!"

गाडी निघाली. आकमोरची मांडी हलकी झाली होती, पण छातीवर काहीतरी बसलं होतं. आता जरा बर्फ पडला की दगड झाकला जाईल. तिथं रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. दुपारी याच जागी कुणाची तरी गाडी उतारावर येईल. कुणाची? मागच्या बाकावर आई झोपलेली असेल, मामाला पुढे फक्त पांढरं दिसत असेल, आणि चाक त्या दगडावर चढलं तर...

"मामा, मी खोटं बोलले. दगड मागेच राहिलाय."

ब्रेक करकचून दाबला गेला नाही. मामानं पाय नुसता उचलला. चाळीसएक पावलांवर गाडी आपणहून थांबली, मग त्यानं हलकेच ब्रेकवर पाय टेकवला. तो रागावलाही नाही, तेच तिला जास्त लागलं.

"मी ब्रेकवर पाय देऊन बसतो. दगड नाही तर मला उतरता येणार नाही. जाशील?"

आकमोरनं फावडं आणि मूठभर राख घेतली. दगड रस्त्याला घट्ट चिकटला होता. तिनं टाच मारली, तो हलला नाही. फावड्याचं टोक खाली घालून सगळा भार टाकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो सुटला. त्याच्या जागी काचेसारखा गुळगुळीत बर्फाचा गोल उरला. त्यावर तिनं राख पसरली आणि हातमोज्यानं दाबून बसवली.

मग दगड पोटाशी धरून, पायाचे तळवे सपाट टाकत, ती गाडीकडे निघाली. धावली नाही.