शिडीचा मान

वाचनालयाच्या दर्शनी दालनात, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलामागे, भिंतीवर एक काळा फलक होता. त्या मतदारसंघातून संसदेवर निवडून गेलेल्या प्रत्येकाचे नाव त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेले असे. सर्वांत वर लाकडाच्या व्यापाऱ्याचे. त्याखाली सैन्यातून निवृत्त झालेल्या एका भारदस्त गृहस्थांचे. मग लागोपाठ कित्येक ओळी वकीलसाहेबांच्या, आणि त्यानंतर त्यांच्या जावयाच्या. या जावयांना सारा तालुका 'जावईबापू' म्हणे. सासऱ्यांनी मुलगी दिली तेव्हाच मतदारसंघही दिला, असे लोक हसत सांगत, आणि स्वतः जावईबापूही त्या हसण्यात सामील होत.

फलकाइतकीच पूजनीय मानली जाई ती भिंतीला टेकलेली शिडी. पहिल्या निवडणुकीत पराभूत झालेले मुख्याध्यापक भांडण काढण्याच्या इराद्यानेच दालनात शिरले होते, असे जुने लोक सांगत. पण त्याच क्षणी गुळगुळीत फरशीवरून शिडी सरकली. वर रंगारी, त्याच्या हातात रंगाचा डबा. मुख्याध्यापक राग विसरून धावले, त्यांनी शिडी घट्ट धरली, आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाचे अखेरचे अक्षर पुरे होईपर्यंत ती सोडली नाही. तेव्हापासून जिंकणाऱ्याचे नाव चढवताना शिडी हरणाऱ्याने धरावी, असा प्रघात पडला. त्याला 'शिडीचा मान' म्हणत. पुढे निवडणुकीत लोक एकमेकांची उणीदुणी काढीत, सभा उधळीत. पण शिडीचा मान कोणी चुकवला नाही.

अलीकडच्या साऱ्या निवडणुकांत हा मान एकाच माणसाकडे होता. ते गुरांचे डॉक्टर.

डॉक्टरांविषयी वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. अडलेल्या गाईसाठी ते भरल्या ताटावरून उठत. "जनावरांना मताचा अधिकार असता, तर आमचे हे बिनविरोध निवडून आले असते," असे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि म्हणताना नवऱ्याच्या सदऱ्यावरचे गवत झटकीत.

त्यांच्या उमेदवारीचे मूळ नदीत होते. नदी मतदारसंघाच्या मधोमध वाहत असे. बाजार, कचेरी, दवाखाना, सारे ऐलतीरी. पैलतीरी केवळ शेते आणि विखुरलेली गावे. डॉक्टरांची थोरली बहीण, त्यांची अक्का, पैलतीरी दिली होती. एका वर्षी पूर आलेला असताना ती आजारी पडली. माणसांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन हे ऐलतीरावर उभे राहिले, आणि नावाडी काही नाव सोडीना. पाणी ओसरले तेव्हा अक्का उरली नव्हती. पुढच्याच निवडणुकीत डॉक्टरांनी अर्ज भरला. त्यांच्या जाहीरनाम्यात एकच शब्द होता: पूल.

ऐलतीराला पुलाची निकड नव्हती. म्हणून पैलतीर एकमुखाने डॉक्टरांना मत देई आणि ऐलतीर तितक्याच एकमुखाने त्यांना पाडी. परंतु काळ कोणाला बांधील नसतो. पैलतीरची गावे वाढत गेली, ऐलतीरची मुले शहराकडे गेली, आणि दर खेपेला अंतर घटत आले. मागच्या निवडणुकीत तर मतमोजणी दुसऱ्यांदा करावी लागली. नाव लिहायच्या दिवशी जावईबापू गळ्यातल्या हारासकट शिडीपाशी आले आणि डॉक्टरांच्या शेजारी त्यांनीही एक हात शिडीला लावला.

"हे काय जावईबापू? मान माझा आहे."

"पुढच्या वेळी मलाच धरायचीय, डॉक्टर. आतापासून सराव करतो."

वरून रंगारी हसला. हा पहिल्या रंगाऱ्याचा मुलगा. त्याचे अक्षर कधी तिरके जात नसे, म्हणून लोक त्याला 'ओळंबा' म्हणत. "हलवू नका रे दोघं," तो म्हणाला, "नाहीतर खासदारांच्या नावाला शेपूट फुटेल." डॉक्टरही हसले. पण त्यांची दृष्टी त्या नावाखाली उरलेल्या एका ओळीच्या रिकाम्या जागेवर खिळली होती. पूल व्हावा, ही त्यांची इच्छा साऱ्या जगाला ठाऊक होती. त्या जागेत आपले नाव यावे, ही इच्छा त्यांनी पत्नीलाही कधी बोलून दाखवली नव्हती. तिला ती अर्थातच ठाऊक होती.

यथावकाश जनगणना झाली, आणि मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्यासाठी आयोग नेमला गेला. त्याचा कच्चा नकाशा वाचनालयात लागला त्या सकाळी डॉक्टर त्याच्यापुढे बराच वेळ निश्चल उभे होते. नदीवरून एक जाड रेघ ओढलेली होती. ऐलतीर शहराच्या मतदारसंघात जाणार होता. पैलतीर मागच्या डोंगराळ मतदारसंघात, जिथल्या बहुतेकांनी ही नदी डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. आणि ज्या मतदारसंघाचे नाव फलकाच्या माथ्यावर होते, तो कुठल्याच बाजूला नव्हता.

"म्हणजे मला मत देणारे एकीकडे आणि मी दुसरीकडे," डॉक्टर म्हणाले.

"मग आपण तिकडे राहायला जाऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिकडच्या खासदाराला ऐलतीरावर पूल टेकवायचा अधिकार नाही, आणि इकडच्याला पैलतीराशी देणंघेणं नाही. आता पूल कोणाचाच नाही गं."

एक आशा शिल्लक होती. आयोगाचे अधिकारी वाचनालयातच हरकती ऐकणार होते. डॉक्टरांनी पैलतीरची गावे पालथी घातली. प्रत्येक पारावर त्यांनी सांगितले, "मी एकटा बोललो तर म्हणतील, हरलेला माणूस रडतोय. तुम्ही सगळे या. दालन भरून जाऊ दे."

"अहो, सह्यांचा एक अर्जही घेऊन ठेवा की," डॉक्टरीणबाईंनी सुचवले.

"कागद फायलीत जातो. माणूस समोर उभा राहिला की त्याला कुठे ठेवणार?"

ते दिवस पुराचे नव्हते. नदीत गुडघाभर पाणी होते, आणि पैलतीरची माणसे चालतही आली असती. पण सुनावणीच्या दिवशी पहाटे वरच्या अंगाच्या धरणाचे दरवाजे उघडले गेले, आणि उजाडताना पात्र दुथडी भरून वाहू लागले. ज्या गृहस्थाने अर्धे आयुष्य पुलासाठी वेचले, तो नेमका त्या दिवशी पूल नाही हे विसरून बसला होता.

सुनावणी अधिकारी स्वभावाने मृदू होते. त्यांनी डॉक्टरांना बसायला खुर्ची दिली, पाणी विचारले, आणि त्यांचे सारे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेतले.

"आपण राहता कुठे?"

"इथेच. ऐलतीरी."

"मग ऐलतीरातर्फे आपली हरकत नोंदवतो. पैलतीरची हरकत मात्र तिथल्या रहिवाशांनी मांडायला हवी. प्रत्यक्ष येऊन, नाहीतर लेखी. त्यांचं काही लेखी आलंय?"

डॉक्टरांनी पत्नीकडे पाहिले नाही. "ते स्वतः आलेत," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी नदीकडची खिडकी उघडली.

नदीपलीकडे माणसांची रांगच रांग उभी होती. म्हातारी माणसे होती, कडेवर मुले घेतलेल्या बाया होत्या. खिडकी उघडलेली दिसताच सारे हात वर झाले आणि हलू लागले. ओरडणेही असावे, पण ऐकू येत होते ते पाणी.

अधिकारी खिडकीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी खंत होती. "दिसतात मला. पण दिसणं म्हणजे हजर असणं नव्हे, डॉक्टर."

"त्यांना यायला पूल नाही हो."

"पुलाचा विषय आयोगाकडे नाही."

"मग कोणाकडे आहे?"

"संसदेत मांडावा लागेल. तुमच्या खासदारांनी."

दालनात कोणी हसले नाही. फलकाखाली बसलेला ओळंबा तेवढा पुटपुटला, "गोल गोल राणी." अधिकाऱ्यांनी पुढची तारीख देता येते का ते पाहिले, नियमात ती सोय नव्हती. पैलतीराच्या रकान्यात त्यांनी 'हरकत प्राप्त नाही' असे लिहिले. लिहिताना त्यांची मान खाली होती. पलीकडे हात अजून हलतच होते. शेवटी डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण ते पाहणे कोणालाच सोसवेना.

अंतिम नकाशा कच्च्या नकाशाहून रेसभरही निराळा नव्हता. जावईबापू शहराच्या मतदारसंघाची उमेदवारी मिळवण्याच्या खटपटीला लागले आणि दिसेनासे झाले. ग्रंथपालांनी ठरवले की फलक माळ्यावर ठेवावा. तत्पूर्वी शेवटच्या नावाखाली समाप्तीची रेघ ओढून घ्यावी. ओळंब्याला बोलावणे गेले. डॉक्टरांना कोणी बोलावले नव्हते. ते आपण होऊन आले, मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या, आणि नित्याप्रमाणे डॉक्टरांनी शिडी धरली.

ओळंबा वर चढला, कुंचला बुडवला, आणि थांबला.

"डॉक्टर."

"काय रे?"

"एक ओळ मोकळी आहे. रेघ तिच्याखालीही मारता येईल." त्याने आवाज उतरवला. "लिहू का तुमचं नाव? कोण बघणार आहे? उद्या माळ्यावरच जायचंय हे."

ग्रंथपालांनी तोंडापुढचे वर्तमानपत्र आणखी वर धरले. 'हो म्हणा,' डॉक्टरीणबाई मनातल्या मनात नवऱ्याला विनवीत होत्या, 'आयुष्यात एकदा तरी हो म्हणा.'

त्या रिकाम्या जागेत आपले नाव कसे दिसेल, हे डॉक्टरांना डोळे मिटूनही दिसत असे, इतक्या वेळा त्यांनी ते मनात लिहिले होते.

"लिहिशील रे," ते अखेर म्हणाले. "पण मग शिडी कोण धरणार? मान हरलेल्याचा आहे. हरलेले पलीकडे उभे आहेत, आणि त्यांना इकडे यायला वाट नाही."

ओळंब्याने कुंचला पुन्हा बुडवला. त्याने शेवटच्या नावाला लागून रेघ ओढली. ज्याचे अक्षर कधी तिरके गेले नव्हते, त्याची ती रेघ उजवीकडे किंचित खाली उतरली. तिच्याखालची जागा तशीच काळी राहिली. मग तो एकेक पायरी उतरला, डबा बंद केला, कुंचला फडक्यात गुंडाळला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांचे दोन्ही हात शिडीवरच होते. बोटांची पेरे पांढरी पडेतो त्यांनी ती धरून ठेवली होती, आणि दृष्टी वर, जिथे थोड्या वेळापूर्वी ओळंब्याची पावले होती तिथे.

डॉक्टरीणबाई जवळ गेल्या. त्यांनी नवऱ्याच्या बाहीवरचे गवत झटकले, जरी त्या दिवशी तिथे गवत नव्हते.

"अहो," त्या म्हणाल्या, "सोडा आता. वर कोणी नाही."